धवल्यातली बिननावाची पाहुणी

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
९ मे २०२३

चि. सौ. जिज्ञासा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावून घेते.

हे पत्र भगवंतच्या टेम्पोतून येईल. तो कॅम्प तीनच्या बाजारात कोथिंबीर उतरवायला जातो, त्याच जुड्यांबरोबर. फोन केला असता, पण माझ्या फोनवरचं बोलणं अख्खी गल्ली ऐकते आणि हे गल्लीने ऐकण्यासारखं नाही.

परवा अंबरनाथला, कौसाबाईच्या हरेशच्या हळदीत, तू माझ्या शेजारच्या पाटावरून गाणं अर्धवट टाकून उठलीस. धवलारीण म्हणजे लग्नातली नुसती गाणारी बाई नव्हे, ती देवांना मांडवात बोलावणारी आहे, हे मी माझ्या भाचीला नव्याने सांगू? मी ओळ टाकली आणि ती झेलायला शेजारी कोणी नाही! वळून बघते तर तू डुलत डुलत मांडवामागे चाललेली. तिथे बर्फाच्या पिंपात बाटल्या ठेवल्या होत्या. कौसाबाईने तुला त्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून बसलेली पाहिली. तिने काही विचारलं तर तुझी जीभ जड. मग काय, तिने सगळ्या मांडवाला ऐकवलं, "मोतीबायची भाची पाटावर बसून ढोसून आली गो!" त्यात आल्या आल्या तू तिच्या पाया पडली नव्हतीस, तेही तिने लक्षात ठेवलं होतंच.

मी भांडले तिच्याशी. पण तुझं चालणं मीही पाहिलं होतं, त्यामुळे भांडणात जोर नव्हता.

माझ्या आधीच्या धवलारणीने, रखमाआजीने, मला पाट दिला तेव्हा एकच अट घातली होती. पाटावर बसणारीने त्या दिवशी घोटभरही घ्यायची नाही. हळदीत बाकी सगळ्यांनी प्यावं, नाचावं, लोळावं. आपण नाही. माझा दम आता पुरत नाही. डिसेंबरात माझ्या नातीचं, तेजस्वीचं लग्न आहे आणि त्या दिवशी ओळ टाकणारीचा, पुढचा पाट तुला द्यायचा असं मी मनात धरलं होतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून सगळे धवले ऐकलेली तू एकटीच आहेस.

तेव्हा सरळ सांग. प्यायली होतीस की नाही? असशील तर हो म्हण. मी पाट दुसरीला देते आणि विषय संपवते.

करवंदं पाठवली आहेत. राग आला म्हणून करवंदं थांबत नाहीत.

तुझी आत्या
मोतीबाई


उल्हासनगर, कॅम्प नं. ३
१७ मे २०२३

आत्या,

नमस्कार. वाकून नाही, बसल्या जागेवरून.

दुपार आहे. खाली प्रीतमच्या कारखान्यात जीन्स शिवायची मशिनं चालू आहेत. त्यांची घरघर लादीतून वर येते आणि मला वाटतं आपलं घर एक होडी आहे, आणि कोणीतरी खाली इंजिन सुरू ठेवून निघून गेलं आहे. समोरच्या गच्चीवर निळ्या पँटी वाळत घातल्यात. त्या हळूहळू पाय हलवत कुठेतरी निघाल्यात. हे पत्र लिहिता लिहिता मी दोनदा झोपले.

तू विचारलंस म्हणून सांगते. हो, घेतली होती थोडी. ऊन सोसेना म्हणून घेतली आणि चढली. कौसाबाईंनी पाहिलं ते खरं आहे.

पाट दुसरीला दे. तेजस्वीला सांग, ताई तुझ्या लग्नात पहिल्या रांगेत बसून ऐकेल.

माझ्यावर रागावू नकोस. किंवा रागाव. रागावलीस की तू करवंदं पाठवतेस.

जिज्ञासा


हेंद्रेपाडा
२८ मे २०२३

जिज्ञासा,

तुझं पत्र वाचलं. पटलं नाही.

हळदीने माखलेली तुझी साडी माझ्याकडेच राहिली होती. धुवायच्या आधी नाकाला लावून बघितली. हळद, तेल, घाम. दारूचा वास नाही. आणि मी काय आज हळदी बघते आहे? प्यायलेली बाई धवला विसरत नाही. ती मोठ्याने गाते, कोणाचं ऐकत नाही, गप्प बस म्हटलं तर अजून दोन कडवी घालते. तू आवाज खाली घेत घेत विसरलीस. शिवाय खरंच प्यायलेली बाई आधी नाही म्हणते, शपथा घेते. तू एवढ्या पटकन हो म्हणालीस तिथेच मी ओळखलं.

मग बसले विचार करत. चक्कर. सारखी झोप. उन्हाचा त्रास. दर थोड्या वेळाने मोरीकडे पळणं. बर्फाची हौस. आणि माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. अगं वेडे, दिवस गेलेत ना? इतक्या वर्षांनी! दृष्ट लागू नये म्हणून लपवलंस आणि त्यापायी दारुडी म्हणवून घेतलंस! धन्य आहेस.

कोणाला बोलले नाही. कैऱ्या पाठवते आहे. गोधडी शिवायला घेतली आहे, आमच्या जावयाला, प्रीतमला, म्हणावं कापडाचे मऊ तुकडे बाजूला ठेव, जीन्सचे नकोत, बाळाला टोचतील.

तुझी
आनंदाने वेडी झालेली आत्या


कॅम्प नं. ३
६ जुलै २०२३

आत्या,

तुझ्या कैऱ्यांचं लोणचं मुरलं, तेव्हा कुठे हे पत्र होतंय. गोधडी थांबव. दिवस गेलेले नाहीत.

मला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस असं लांबलचक नाव. दोन वर्षं झाली. प्रीतमला माहीत आहे, आणि आता तुला.

डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं, ते आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगते. जीन्सच्या आतली ओव्हरलॉकची शिलाई सुटली तरी वरून पँट धड दिसते. गिऱ्हाईक हात फिरवून खुशीने घेऊन जातं. माझ्या नसांवरची शिलाई अशी जागोजाग सुटते, आणि ती उसवणारं माझंच शरीर आहे. औषध चालू आहे. ते नवी उसवण थोपवतं, जुनी शिवून देत नाही. जिवावरचं नाही म्हणतात. जाणारंही नाही.

वरून मी छान दिसते. लोक म्हणतात, तब्येत सुधारली गो तुझी! आणि आत काय चाललेलं असतं? पावलांना लादी लागत नाही, ओल्या लोकरीवरून चालल्यासारखं वाटतं. मुठीत तांदूळ घेतले तर ते आहेत की सांडले हे डोळ्यांनी बघावं लागतं. डाव्या डोळ्याला लाल रंग विटका दिसतो. उजवा डोळा झाकून बघितलं तर तुझ्या करंड्यातलं कुंकू गुलाबी. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज जाते. म्हणून मी कोणाच्या पाया पडत नाही, माज आला म्हणून नव्हे. कधी छातीभोवती कोणीतरी पट्टा आवळतं आणि दिवसभर सोडत नाही. आणि थकवा. याला थकवा म्हणायचं तर तुमच्या हेंद्रेपाड्यात शिरणाऱ्या पुराला ओल म्हणावं लागेल.

उन्हात हे सगळं वाढतं. जीभ जड होते, पाय वाकडे पडतात. गार झालं की उतरतं. त्या पिंपातली बाटली नको होती गं मला, बर्फ हवा होता.

मग हो का म्हणाले? कारण प्यायलेल्या बाईला लोक एका हळदीत नावं ठेवतात आणि पुढच्या हळदीत विसरतात. आजारी बाईला विसरत नाहीत. तिला नको सांगू, तिला झेपायचं नाही, तिच्या हातून हळद नको. हे एकदा सुरू झालं की संपत नाही. आणि प्यायले म्हटलं की निदान माझी मजा झाली असं तरी लोकांना वाटतं.

फोनवर हे जमलं नसतं. बोलता बोलता शब्द निसटतो आणि समोरचं माणूस हॅलो हॅलो करत बसतं. पत्रात मधेच आडवं होता येतं. कितीतरी दुपारी हे पत्र माझ्या उशाशी होतं. मधल्या झोपांमध्ये एकच स्वप्न पडतं. मी शेअर रिक्षात बसले आहे आणि शेजारी दाटीवाटीने धवल्यातले शब्द बसलेत, नटूनथटून, लग्नाला निघाल्यासारखे. प्रत्येक नाक्यावर एकेक जण उतरतो. कोणी भाडं देत नाही. शेवटी मी एकटीच उरते, आणि रिक्षावाला विचारतो, ताई, तुम्हाला कुठे उतरायचं?

कोणाला सांगू नकोस.

जिज्ञासा


हेंद्रेपाडा
३० जुलै २०२३

माझ्या पोरी,

कोणाला सांगितलं नाही. एकवीरेला सांगितलं, ते धरायचं नाही.

पत्र वाचून ओटीवर बसून रडले. सुनेला वाटलं गावात कोणी गेलं. तिला म्हटलं, डोळ्यात मिरची गेली. मग आत जाऊन ती गोधडी उचलून माळ्यावर टाकली. मी तुला काय काय लिहिलं होतं ते आठवून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

नंतर वाटलं, रडून मला कळणार काय? करून बघावं. तेजस्वीचे लोकरीचे मोजे पाण्यात बुडवून पायात चढवले आणि घरभर फिरले. उंबऱ्यावर आपटता आपटता वाचले. सून म्हणते, "आई, बरं वाटतंय ना तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी लुगड्याचा पदर छातीभोवती गच्च आवळला, गाठ मारली आणि भाकऱ्या थापायला बसले. पहिल्या भाकरीला हसू आलं. नंतर राग आला, कोणावर ते कळेना. मग नुसता घाम आणि श्वास. सूर्य कलला तेव्हा गाठ सोडली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आणि तेव्हाच ध्यानात आलं की तुला गाठ सोडता येत नाही. मला त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

आता कामाचं. पाट तुझाच आहे. पाऊस उघडला की ये आणि उजळणीला बस.

आत्या


कॅम्प नं. ३
२९ सप्टेंबर २०२३

आत्या,

मोज्यांचं वाचून खूप हसले. पदराचं प्रीतमला वाचायला दिलं. तो खाली जाऊन मशिनवर बसला. बराच वेळ एकच मशीन चालल्याचं ऐकू येत होतं.

उजळणी मी इथेच करून बघितली, गणपतीच्या दिवसांत, दार लावून. देवांना मूळ धाडून मांडवात बोलवायचं कडवं घेतलं. डोंगरावरचे देव आले, खाडीवरचे आले, शिवेवरचे आले, आणि मधेच एक नाव गेलं. विसरले असंही नाही. त्याची जागा मला दिसत होती, तिथे कोणी बसलेलं नव्हतं. पंखा फिरत होता. गल्लीतून ढोल जात होते, लांब, पाण्याखालून वाजल्यासारखे. मी तोंड उघडं टाकून बसून राहिले.

देव गाळला तर काय होतं ते तूच शिकवलंस. ज्याला मूळ जात नाही तो रुसून मांडवाबाहेर बसतो. पुढे त्या संसारात काही वाकडं झालं की लोक धवलारणीचं नाव घेतात. तेजस्वीच्या लग्नात हे नको.

खरं सांगू? मला पाट हवा आहे. दया नको, पाट हवा. लहान होते तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं. म्हणूनच चारचौघांत बसून तो बुडवायचा नाही मला. तू दुसरीला बसव आणि मला काही विचारू नकोस.

जिज्ञासा


हेंद्रेपाडा
१२ ऑक्टोबर २०२३

जिज्ञासा,

तुला सगळं शिकवलं आणि मुख्य तेच शिकवायचं राहिलं. काय उजेड पाडला मी!

धवला दोघींनी का गायचा? पुढची ओळ टाकते, शेजारची झेलते आणि तीच ओळ परत म्हणते. तुला काय वाटलं, शोभेसाठी? अगं, पुढचीला आठवायला वेळ मिळावा म्हणून. रखमाआजी शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांची नावं अदलाबदल करायची, पण पाटावर कधी अडली नाही. ती थांबली की मी ओळ धरून ठेवायचे. पुन्हा म्हणायचे, पुन्हा म्हणायचे. मागून बायका म्हणत राहायच्या, बांगड्या हलायच्या, आणि आजी डोळे मिटून वाट बघायची. मांडवात कोणाला पत्ता नसायचा. उलट म्हणायचे, आज काय रंगलं गो! धवल्यात वाट बघायची सोय आधीपासून आहे. तू आजारी पडणार म्हणून कोणी केलेली नाही. विसरतात सगळ्याच, म्हणून केलेली आहे.

तेव्हा पुढच्या पाटावर तू आणि झेलायला मी. तुझा शब्द उतरून गेला तर तो परत येईपर्यंत मी ओळ धरते. माझा दम ओळ टाकायला पुरत नाही, धरायला पुरतो.

बाकीचं मी मुलाला सांगून ठेवलं आहे. हळद सकाळीच, ऊन चढायच्या आत. मांडवाला पत्रा नाही, झावळ्या. पाट न्हाणीच्या बाजूला, म्हणजे तुला कोणाच्या अंगावरून जावं लागणार नाही. तुझ्या पाटाखाली गोणपाटात गुंडाळलेला बर्फ. आणि पाटावर बसलेली बाई धवला संपेपर्यंत कोणाच्याही पाया पडत नाही. हा नियम फार जुना आहे. मी काल केला.

आता नाही म्हणालीस तर मी स्वतः कॅम्प तीनला येईन आणि खालून हाका मारीन. माझा आवाज तुला माहीत आहे.

आत्या


कॅम्प नं. ३
२० डिसेंबर २०२३

आत्या,

ते खरंच झालं का, हे तुलाच विचारावं लागेल.

मला आठवतं ते असं. झावळ्यांमधून उजेड गळत होता आणि तेजस्वीच्या अंगावर हळदीसारखाच पडत होता. हळद कुठे संपते आणि ऊन कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पाटाखालून गारवा वर येत होता. एका डोळ्याने बघितलं की कुंकू लाल, दुसऱ्याने बघितलं की गुलाबी, म्हणून मी दोन्ही डोळे मिटले आणि ओळ टाकली. तू झेललीस. बायकांनी मागून उचलली. एवढ्या वर्षांत तुझ्या मांडीवरून ऐकलेलं गाणं मी पहिल्यांदा समोरून ऐकत होते, आणि ते माझ्या तोंडून निघत होतं.

आणि मग एक नाव गेलं. कोणत्या देवाचं ते पत्रातही लिहीत नाही, त्याला कशाला कळवा! मी थांबले. रिक्षावाला मागे वळून बघतोय असं वाटलं. आणि तू ओळ धरलीस. पुन्हा म्हणालीस. पुन्हा. बायका म्हणत होत्या, मांडव नुसता झुलत होता, आणि मला भीती वाटायची थांबली. मी वाट बघत बसले, पाण्यात पाय सोडून बसावं तशी.

पण नाव येईना. तेव्हा तू हळूच ओळ बदललीस. वाऱ्याला मूळ धाडा, पावसाला मूळ धाडा, मुंगीला मूळ धाडा, इथवर जुनंच. आणि त्यापुढे तू म्हणालीस,

नाव नाही तिला मूळ धाडा गो,
दिसत नाही तिला पाट मांडा.

सगळ्या बायकांनी झेललं, लहानपणापासून पाठ असल्यासारखं. कौसाबाई डोळे मिटून म्हणत होत्या, सगळ्यांच्या वर त्यांचा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. आजाराचा नव्हे, साधा. आणि ते हरवलेलं नाव आलं, आपल्या जागेवर येऊन बसलं, मी त्याला मूळ धाडलं आणि पुढे गेले.

घरी आल्यावर मी कितीतरी वेळ झोपून होते. अंगाला हळदीचा वास होता. प्रीतमने मशिनं बंद ठेवली होती, होडी किनाऱ्याला लागल्यासारखं सगळं शांत होतं.

लबाड आत्या, ही ओळ धवल्यात नाही. कुठून आणलीस? माझं गुपित तू अख्ख्या मांडवाकडून गाऊन घेतलंस आणि कोणाला कळलंही नाही.

जिज्ञासा


हेंद्रेपाडा
१८ जानेवारी २०२४

जिज्ञासा,

तिळगूळ घे आणि आता तरी गोड बोलत जा. मला लबाड म्हणतेस?

ती ओळ भाकऱ्या थापताना सुचली होती, छातीला पदर आवळलेला असताना. आपण वाऱ्याला, पावसाला, मुंगीला मूळ का धाडतो? ते तसेही येणारच असतात. न बोलावता आले तर धिंगाणा घालतात. बोलावलं, पाट दिला, की एका बाजूला बसून राहतात. मग तुझ्या त्या पाहुणीनेच काय घोडं मारलंय? तिला म्हटलं, आलीच आहेस तर बस बाई, पण गाणारीच्या मांडीवर नको, शेजारी बस.

दुसरं सांगायचं म्हणजे, परवा कौसाबाई आली होती. तिळगुळाचं निमित्त. चहा झाला, गाऱ्हाणी झाली, तरी उठेना. बशी पुसत बसली. मग म्हणाली, "मोतीबाय, ती दिसत नाय ती पाव्हनी. तिचं गानं आमचे सुहासिनीचे लग्नात पन होऊदे. तुजे भाचीलाच बोलव."

मी सोडते होय? म्हटलं, "ती ढोसते ना गो?"

तिने बशी बाजूला ठेवली. मग खाली बघत म्हणाली, "माजे घरी पन हाय ती पाव्हनी. लय वर्सं झाली."

काय आहे, कोणाला आहे, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. मी परत चहा टाकला.

सुहासिनी म्हणजे हरेशची धाकटी बहीण. लग्न फेब्रुवारीत, अंबरनाथलाच. पुढचा पाट तुझा. आणि या वेळी तो त्यांनी मागितलेला आहे, मी मागितलेला नाही.

आत्या


कल्याण
१५ फेब्रुवारी २०२४

आत्या,

येता येत नाही. नवी उसवण आहे. उजवा पाय ऐकत नाही आणि चांगल्या डोळ्यावरही धुकं आलं आहे. दवाखान्यात ठेवून सलाईनमधून औषध देत आहेत. उतरेल म्हणतात. किती ते सांगत नाहीत.

कौसाबाईंना तुला हवं ते सांग. प्यायले म्हणून सांगितलंस तरी चालेल. पण पुढचा पाट दुसरीला दे. त्यांच्या मुलीचं लग्न आहे, पाट रिकामा दिसला तर अपशकून म्हणतील. एकदा बोलावलं आणि आली नाही, पुन्हा कोण बोलावणार? मला ते कळतं. माझ्यासाठी कोणाशी भांडू नकोस.

अक्षर प्रीतमचं आहे. रडणं माझं.

जिज्ञासा


हेंद्रेपाडा
२४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. जिज्ञासा,

त्या पहिल्या पत्रात आशीर्वाद शेवटी देईन म्हणाले होते आणि द्यायचा राहूनच गेला. आज आधी देते. सुखात राहा. जिथे असशील तिथे, जशी असशील तशी.

प्रीतमचा फोन आला होता, पाय थोडा हलायला लागला म्हणाला. गल्लीने ऐकलं. ऐकू दे.

आता लग्नाचं सांगते. कौसाबाईला मी खोटं सांगितलं नाही आणि खरंही सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "जिज्ञासाच्या पाहुणीने तिला अडवून धरलंय." तिने मान हलवली आणि कामाला लागली. मला वाटलं, आता कोणीतरी दुसरी बघायला सांगेल. 

सकाळी मांडवात गेले तर दोन्ही पाट मांडलेले. मी झेलणारीच्या पाटावर बसले आणि तिथूनच ओळ टाकली. दम लागला की थांबायचे, तेवढा वेळ बायका ओळ धरून ठेवायच्या. तुझ्या पाटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. पाटाखालून पाण्याचा ओघळ येत होता. वाकून बघितलं तर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ. तो मी ठेवला नव्हता.

ती ओळ आली, नाव नाही तिला मूळ धाडा गो. बायका म्हणू लागल्या. तेवढ्यात नवऱ्याकडची एक बाई, चांगली भरदार, उन्हातून धापा टाकत आली आणि जागा दिसली म्हणून तुझ्या पाटावर बसायला वाकली. मी गात होते, मला बोलता येईना. पण कौसाबाई हातातलं हळदीचं ताट तसंच घेऊन मांडवाच्या त्या टोकाकडून धावत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली,

"उठ गो बाय! दिसत नाय म्हनून पाट काय रिकामा हाय?"

ती बाई उठली आणि खाली सतरंजीवर बसली. आम्ही पुढचं कडवं घेतलं.

तुझी आत्या
मोतीबाई